बालवाडी व बालकांचा सामाजिक–भावनिक विकास

बालवाडी : साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी, प्राथमिक शाळेपूर्वी चालविली जाणारी शिक्षणसंस्था. शिशुमंदिर, बालमंदिर, शिशुविहार, अंगणवाडी ही तिचीच भिन्न नावे व रूपे होत. अक्षरओळख वा अंकओळख करून देणे हा तिचा प्रधान हेतू नसून, घराच्या उंबरठ्याबाहेर प्रथमच पडणाऱ्या बालकाला इतरांच्या सहवासात सुखाने राहता यावे, स्वतःच्या भावना ओळखता व आवरता याव्यात आणि स्वतःचे काम स्वतः करण्याचा आत्मविश्वास यावा, हा तिच्या प्रवर्तकांचा मूळ उद्देश होता. हा उद्देश महाराष्ट्रात कसा रुजला, त्याला कोणते वळण मिळाले आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण व स्थलांतराने ग्रासलेल्या प्रदेशात त्याला कोणत्या परीक्षेला उतरावे लागले, याचा हा आढावा आहे.

पूर्वपीठिका : पारंपरिक मराठी समाजात लहान मुलाचे सामाजिक शिक्षण एकत्र कुटुंबात, अंगणात व आळीत होत असे. आजी, काकू, थोरली भावंडे व शेजारपाजार यांच्यामध्ये मूल आपोआप वाढे. भोंडला, सागरगोटे, लपंडाव यांसारख्या खेळांतून पाळी पाळणे, हरणे, रुसणे व पुन्हा एकत्र येणे ते शिके. तथापि या शिक्षणाला जातीची व लिंगभेदाची कुंपणे होती. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांत तर तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम पाच-सहा वर्षांच्या मुलीकडेच येई आणि तिचे स्वतःचे बालपण तेथेच संपे. तीन ते सहा या वयासाठी वेगळ्या संस्थेची गरज आहे, ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडून आली.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. खेळ हे बालवयातील सर्वांत गंभीर काम होय, हा त्यांचा सिद्धांत होता. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी अमेरिकेतील वास्तव्यात या पद्धतीचा फिलाडेल्फिया येथे अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या शारदा सदनातील शिक्षणात तिला स्थान दिले. बालविधवांच्या पुनर्वसनाशी बालशिक्षणाची सांगड घालण्याचा हा महाराष्ट्रातील आरंभीचा प्रयत्न होय.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार या १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथे मुलींच्या शिक्षणाचे काम करीत होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे काही प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत घेतल्याचे सांगितले जाते. हे कार्य पूर्वप्राथमिक स्वरूपाचे नव्हते. परंतु शिक्षणाचा आरंभ स्त्रियांच्या हाती द्यावयास हवा, हा विचार त्यामुळे नगरमध्ये लवकर रुजला. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनला मोठ्या संख्येने अनाथ मुलांचा सांभाळ करावा लागला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे वास्तव्य याच काळात नगर व राहुरी येथे होते. मुलाच्या भावविश्वाकडे आदराने पाहणारी दृष्टी मराठी काव्यात आणणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

नूतन बालशिक्षणाची चळवळ : इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. मुलाला मारून वा लालूच दाखवून शिकविणे दोन्ही सारखेच अपायकारक असून, योग्य साधने व मोकळीक मिळाल्यास मूल स्वतः शिस्त निर्माण करते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. या विचारांच्या प्रभावाने गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर स्थापन केले. बक्षीस, शिक्षा, परीक्षा व भीती यांना तेथे थारा नव्हता. गोष्टी, गाणी, नाट्य, बागकाम व सफाई यांतून मुलांचे दिवस भरलेले असत.

मराठी बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी म्हणून दाखल झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी त्यापूर्वी राजकोट येथील स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले होते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. संघाची शिक्षणपत्रिका १९३३ पासून मराठीतही निघू लागली आणि मुलाला का मारू नये, हट्टी मुलाशी कसे वागावे, भीती कशी घालवावी यांसारखे प्रश्न मध्यमवर्गीय मराठी पालकांच्या चर्चेत आले. १९३६ मध्ये दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून अनेक भारतीय शिक्षक तयार झाले आणि शहरी भागात या पद्धतीला प्रतिष्ठा लाभली.

बोर्डी व कोसबाड येथील प्रयोग : शहरातील बालमंदिर सुखवस्तू घरांतील मुलांपुरते राहते, साधने महाग पडतात आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ती मुले बाहेरच राहतात, ही जाणीव ताराबाईंना अस्वस्थ करीत होती. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे (सध्याच्या पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांना येऊन मिळाल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. पुढील आयुष्य त्यांनी या कामाला वाहिले.

बोर्डीत मध्यवर्ती बालवाडी उघडली, परंतु दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकेनात. त्यांच्या अंगावर धड कपडे नसत, पोटात अन्न नसे, पाठीशी धाकटे भावंड असे आणि परक्या इमारतीत पाऊल टाकण्याचे भय असे. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, हा निष्कर्ष ताराबाईंनी काढला. वस्तीतच, एखाद्या झोपडीच्या अंगणात, झाडाखाली शिक्षिका जाऊन बसू लागली. प्रथम मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे काढणे. मग गाणी, गोष्टी व खेळ, असा क्रम ठेवण्यात आला. हीच ‘अंगणवाडी’ होय. परदेशी बनावटीच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, गुंजा, चिंचोके, गोटे, पाने, बांबू व माती यांचा उपयोग केला गेला. या फरकामागे केवळ काटकसर नव्हती. मुलाच्या ओळखीच्या वस्तू शाळेत प्रतिष्ठा पावल्या, की त्याचे घर व तो स्वतः यांनाही प्रतिष्ठा मिळते, हे त्यामागील मर्म होते.

संस्था १९५०–६० च्या दशकात कोसबाडच्या टेकडीवर गेली. तेथे वारली मुलांमध्ये काम करताना पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळरानावर भरणारी ‘कुरणशाळा’ असे प्रयोग झाले. पाळणाघर शाळेला जोडल्यामुळे धाकट्याला सांभाळणारी मुलगी मोकळी झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे सन्मान लाभले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन या काळाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. १९८२ मध्ये त्यांनी व रमेश पानसे यांनी स्थापन केलेल्या ग्राममंगल या संस्थेने ही परंपरा पुढे चालविली.

मानसशास्त्रीय आधार : बालशिक्षणाच्या या प्रवर्तकांनी जे अनुभवाने ओळखले, त्याला पुढे बालमानसशास्त्राने दुजोरा दिला. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये बालशाळेतील मुलांच्या निरीक्षणावरून खेळाच्या अवस्था मांडल्या. लहान मूल प्रथम एकटे खेळते. नंतर दुसऱ्याच्या शेजारी बसून, पण स्वतंत्रपणे ‘समांतर’ खेळते. आणि पुढे साधने व कामे वाटून घेऊन ‘सहकारी’ खेळापर्यंत पोहोचते. म्हणून तीन वर्षांचे मूल खेळणे देत नाही, याचा अर्थ ते स्वार्थी आहे असा नसून, वाटून घेण्याची पायरी अद्याप यावयाची आहे, एवढाच होतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईशी असलेल्या सलग व उबदार नात्याचे महत्त्व प्रतिपादिले. एरिक एरिक्सन (१९०२–९४) यांच्या मते या वयातील मुख्य प्रश्न पुढाकार की अपराधभाव, हा असतो. मुलाच्या धडपडीला सतत ‘नको, पाडशील’ असे उत्तर मिळाल्यास ते पुढाकार घेणेच सोडून देते.

बालवाडीतील दैनंदिन व्यवहारात या तत्त्वांना मूर्त रूप येते. पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाला दाराआड कोंडून न ठेवता आईला काही दिवस आत बसू देणे व तिची वेळ हळूहळू कमी करणे, हा त्यांपैकी पहिला उपाय. दिवसाचा क्रम ठरलेला असला, म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला कळते व त्याची धास्ती कमी होते. मातीकाम, पाणी व वाळू यांच्या खेळाने राग व ताण यांना निरुपद्रवी वाट मिळते. भातुकली व सोंगे यांतून मूल आई, डॉक्टर, मास्तर, अगदी दारू पिऊन येणारा बापही होऊन पाहते. पाहिलेले भय खेळात आणल्याने ते त्याच्या आटोक्यात येते. भांडण झाल्यास शिक्षिका निवाडा देण्याची घाई करीत नाही. ‘तुला राग आला आहे’, ‘तिला लागले आहे’ असे भावनेला नाव देऊन ती दोघांनाही बोलावयास लावते. नाव मिळालेली भावना शब्दांत सांगता येते आणि मग मारण्या-चावण्याची गरज उरत नाही. वाटी फिरविणे, पाट मांडणे, सर्वांना वाढून होईपर्यंत थांबणे ही कामे तर पंक्तीच्या रूपाने मराठी मुलाच्या ओळखीचीच असतात.

अशा अनुभवांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात झालेल्या प्रयोगाने दिले. तेथे गरीब कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करून एका गटाला उत्तम पूर्वप्राथमिक शिक्षण देण्यात आले. त्या गटाचा बुद्ध्यंकातील लाभ काही वर्षांत ओसरला. परंतु चाळिसाव्या वर्षापर्यंत केलेल्या पाहणीत शालेय शिक्षणाची पूर्तता, नोकरी व कायद्याचे पालन या बाबींत तो गट पुढे राहिल्याचे आढळले. टिकलेला लाभ स्वभावाचा व वर्तनाचा होता, हा त्यावरून काढला जाणारा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

शासकीय प्रयत्न : स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने ग्रामीण भागात बालवाड्यांना साहाय्य दिले. शिक्षण आयोगाने (१९६४–६६) पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले; मात्र त्याचा विस्तार प्रामुख्याने खासगी प्रयत्नांवर सोपविला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंनी घडविलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द भारतभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता-शिक्षण व पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा तीत आहेत. महाराष्ट्रात अंगणवाड्यांची संख्या एक लाखाहून अधिक झाली.

शब्द पोहोचला, तरी त्यामागील आशय सर्वत्र पोहोचला नाही. वजन, आहार, नोंदवह्या व सर्वेक्षणे यांत सेविकेचा वेळ जातो. गोष्ट सांगण्यास व मुलाचे ऐकून घेण्यास तो कमी पडतो. पोषणाचे मोजमाप होते, तसे भीती कमी झाल्याचे वा मैत्री जमल्याचे होत नाही, हे यामागील एक कारण होय. दुसऱ्या बाजूला शहरांत व मोठ्या खेड्यांत इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांचा प्रसार झाला आणि तीन वर्षांच्या मुलांनी पाटी गिरवावी, गृहपाठ करावा, प्रवेशासाठी मुलाखत द्यावी, अशी अपेक्षा रूढ झाली. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने राम जोशी यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली व पुढे बालशाळांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदाही झाला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्यनीतीच्या मार्गदर्शक तत्त्वांत घातले. शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा या वयोगटापुरताच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळाधारित शिक्षणावर भर दिला आहे.

अहमदनगर जिल्ह्यातील स्थिती : क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात चौदा तालुके असून त्यांत परस्परविरोधी परिस्थिती आढळते. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा ऊसपट्टा, पश्चिमेस अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर यांच्या डोंगरवस्त्या, तर दक्षिण व पूर्वेस जामखेड, कर्जत, पाथर्डी यांसारखे दुष्काळी तालुके आहेत. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर गेल्या. मुले कामाच्या जागी उन्हातच वाढत होती. त्या वेळी वाटली जाणारी सुकडी पुढे अंगणवाडीच्या आहाराचाही भाग झाली. रोजगाराच्या कामावर पाळणाघर असावे, हे तत्त्व या अनुभवातून दृढ झाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानुसार सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले कामावर असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी लागते. मात्र सांभाळणे म्हणजे केवळ राखण नव्हे, हे कायद्याच्या अक्षरात मावत नाही.

जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे (मृत्यू २०११) व डॉ. मेबल आरोळे (मृत्यू १९९९) यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधोपचारापेक्षा अन्न, पाणी व सामाजिक समता यांवर बालकाचे आरोग्य अवलंबून असते, हे ओळखून त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर व उपेक्षित जातींतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावाच्या सामुदायिक स्वयंपाकघरात पाच वर्षांखालील मुलांना एकत्र जेवू घातले जाई. ज्या गावांत पाणवठे वेगळे होते, तेथे एका पंगतीत बसणारी मुले हा लहानसा बदल नव्हता. जातिभेदाची जाणीव मुलात जन्मतः नसते. मोठ्यांच्या वागण्यातून ती तीन-चार वर्षांच्या वयातच उतरू लागते. त्यामुळे सहभोजनाचे महत्त्व पोषणाइतकेच सामाजिक घडणीच्या दृष्टीनेही होते. प्रकल्पाने पुढे मुलांसाठी आनंददायी शिक्षण देणारी पूर्वप्राथमिक शाळाही चालविली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

जिल्ह्यातील दुसरा प्रश्न ऊसतोडीच्या स्थलांतराचा आहे. लोणी (प्रवरानगर) येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये गाळप सुरू झाले आणि जिल्हा सहकारी साखर उद्योगाचे केंद्र बनला. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या बीड जिल्ह्यातून तसेच पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून तोडणी कामगारांच्या टोळ्या मुकादमामार्फत निघतात. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. मुले कोणत्याच हिशोबात नसतात. पहाटेच्या अंधारात आई फडात जाते व मूल कोपीत थोरल्या बहिणीजवळ किंवा फडाच्या बांधावर राहते. पाच-सहा महिने ते गावची अंगणवाडी, ओळखीची ताई व सवंगडी यांना मुकते. परतल्यावर पुन्हा सर्व नव्याने जमवावे लागते. भावनिक विकासाला लागणारे सातत्यच अशा प्रकारे दरवर्षी तुटते. साखरशाळा व त्यांना जोडलेल्या बालवाड्या यांनी या मुलांसाठी काही प्रमाणात सोय केली. परंतु त्या हंगामी राहिल्या आणि सहा वर्षांखालील मुलांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. यावर जी उपाययोजना सुचविली जाते, तीत कारखान्याच्या तळावरच अंगणवाडी भरविणे, तोडणी कामगारांमधीलच एखाद्या स्त्रीला सेविका म्हणून तयार करणे आणि मुलाची नोंद गावाहून तळावर व तळावरून गावी पाठविणे, या गोष्टी येतात. तत्त्वतः ही बोर्डीच्या अंगणवाडीचीच पुनरावृत्ती होय.

अहमदनगर शहरात १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या स्नेहालय या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी काम सुरू केले. पुढे झोपडपट्ट्यांतील बालभवने आणि टाकलेल्या अर्भकांसाठी स्नेहांकुर हे दत्तक विधान केंद्र, असा त्याचा विस्तार झाला. भय, तिरस्कार व असुरक्षितता यांच्या छायेत वाढणाऱ्या मुलाला प्रथम विश्वासाचे माणूस लागते आणि पाठ्यक्रम त्यानंतर येतो, हे अशा कामातून स्पष्ट होते.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह बालवाडीला प्राथमिक शाळेची पूर्वतयारी मानतो. दुसरा तिला बालकाच्या स्वतंत्र जीवनाचे स्थान मानतो. फ्रबेल, माँटेसरी, गिजुभाई, ताराबाई व अनुताई या दुसऱ्या प्रवाहाच्या होत. त्यांच्या विचारांत उणिवा नव्हत्या असे नाही. मुलांना स्वच्छ व सुसंस्कृत करण्याच्या भाषेत क्वचित वरिष्ठवर्गीय दृष्टी डोकावते. तसेच त्यांच्या संस्था त्यागी व्यक्तींवर अवलंबून राहिल्याने त्यांचा सार्वत्रिक प्रसार अवघड ठरला. अंगणवाडी योजनेने प्रसाराचा प्रश्न बराचसा सोडविला. पण सेविकेचे अल्प मानधन, तिच्यावरील इतर कामांचा बोजा व अपुरे प्रशिक्षण यांमुळे गुणवत्तेचा प्रश्न शिल्लक राहिला. ज्या स्त्रीने मुलाला धीर द्यावयाचा, तिला स्वतःला स्थैर्य व प्रतिष्ठा लाभल्याखेरीज हे काम नीट होणे कठीण आहे. बोर्डीच्या एका अंगणात जे एका शिक्षिकेला साधले, ते लाखभर अंगणांत साधण्यासाठी तिच्या हाताखाली मुले थोडी, तिच्याकडे वेळ पुरेसा आणि तिच्या कामाला मान हवा, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.